अन्न-औषध नियमनातील वकिली : परदेशी बाजारांसाठीची तयारी

अन्न आणि औषध यांचा व्यापार जगभर चालतो, पण त्यांच्यावर देखरेख करणारा कायदा ज्या त्या देशाचा असतो. पुणे जिल्ह्यात कुरकुंभला तयार झालेल्या एकाच औषधी द्रव्याला भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो, अमेरिकेत १९३८ चा फेडरल फूड, ड्रग अँड कॉस्मेटिक कायदा, तर युरोपीय संघात २००१ चा औषधविषयक निर्देश. अधिकारी वेगळे, मुदती वेगळ्या, शिक्षाही वेगळ्या. माल मात्र तोच, बॅच रेकॉर्डही तेच. त्यामुळे कारखान्यात जे घडले ते तीन-चार कायद्यांपुढे एकाच वेळी टिकेल अशा रीतीने मांडणे हे या क्षेत्रातल्या वकिलाचे मुख्य काम ठरते. कोर्टात उभे राहणे हा त्यातला छोटा भाग आहे. बहुतेक वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. एका अधिकाऱ्याला लिहिलेले वाक्य पुढे दुसऱ्या देशाचा अधिकारी, भागधारक, विमा कंपनी आणि कधीतरी विरुद्ध बाजूचा वकीलही वाचणार असतो, याचे भान ज्याला आहे तोच इथे टिकतो.

कायदा कुठून आला

हे कायदे अपघातांतून जन्मले आहेत. त्यांतल्या कडक तरतुदींचे कारण त्याशिवाय उमगत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. तेव्हाच्या १९०६ च्या कायद्यात विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याची अट नव्हती. सरकारला माल जप्त करता आला तो एवढ्याच मुद्द्यावर की बाटलीवर ‘एलिक्सिर’ लिहिले होते आणि एलिक्सिरमध्ये अल्कोहोल असावे लागते, ते यात नव्हते. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. थॅलिडोमाइडच्या प्रकरणानंतर १९६२ मध्ये त्यात भर पडली आणि औषध सुरक्षित आहे एवढेच नव्हे, तर गुणकारी आहे हेही सिद्ध करणे उत्पादकाला भाग पडले.

तेच द्रावक १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून आले आणि चौदा रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्यावर दिलेला अहवाल या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मराठी वकिलाने वाचावा असा आहे. खरेदीची फाइल, परवाना, तपासणी आणि मंत्रालय यांची साखळी कुठे कुठे तुटली हे त्यात दिसते. २०२२ मध्ये गांबियात बालके दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या सिरपबाबत इशारा दिला. त्यानंतर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात पुन्हा तेच विष, पुन्हा लहान मुले. जवळजवळ नव्वद वर्षांच्या अंतराने एकच रसायन परत परत येते, याचा अर्थ तांत्रिक ज्ञान कमी पडले असा नाही. कच्च्या मालाचे प्रत्येक पिंप तपासायचे, हे कागदावर होते आणि गोदामात नव्हते.

म्हणूनच ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव या कायद्यांत फारसा चालत नाही. १९४३ च्या डॉटरवाइच आणि १९७५ च्या पार्क या दोन खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, दोष टाळण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता तो कंपनीचा अधिकारी स्वतःही फौजदारीत जबाबदार धरता येतो. गुन्हा करण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. पार्क हे किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीचे अध्यक्ष होते आणि तक्रार बाल्टिमोरच्या गोदामातल्या उंदरांची होती. दंड झाला अवघा अडीचशे डॉलर, पण त्या निकालाचा धाक आजही संचालक मंडळांत जाणवतो. भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६६ खाली कंपनी एखाद्या व्यक्तीला जबाबदार म्हणून नामनिर्देशित करते. हा कागद बहुतेक कंपन्या घाईत भरतात. नवख्या वकिलाने कंपनीत रुजू होताच आधी तो काढून वाचावा.

अन्न एका वाटेने, औषध दुसऱ्या

औषध विकण्याआधी परवानगी लागते. अन्नाला सहसा उत्पादनागणिक पूर्वपरवानगी लागत नाही; ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते आणि चूक झाली तर नंतर कारवाई होते. अपवाद मिश्रद्रव्यांचा आणि युरोपात ‘नॉव्हेल फूड’ म्हणून गणल्या जाणाऱ्या नव्या खाद्यांचा. या एका फरकावर दोन्ही शाखांची कामे वेगळी होतात. औषधाच्या वकिलाचा वेळ अर्जाची कागदपत्रे, कारखान्याची तपासणी आणि पेटंट यांत जातो. अन्नाच्या वकिलाचा वेळ बंदरावर अडकलेला कंटेनर, लेबल आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांत जातो.

सर्वांत जास्त काम मात्र या दोन वाटांच्या मधोमध असते. हळदीच्या अर्काची कॅप्सूल घ्यावी. भारतात ती आयुर्वेदिक औषध म्हणून १९४० च्या कायद्याखाली परवाना घेऊन विकता येते किंवा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली पूरक आहार म्हणून. अमेरिकेत आयुर्वेदिक औषध असा वर्गच नाही. तिथे ती १९९४ च्या कायद्याखाली ‘डाएटरी सप्लिमेंट’ ठरते. ‘सांध्यांच्या आरोग्याला मदत करते’ असे म्हणता येते, सोबत ठरावीक खुलासा छापावा लागतो; ‘संधिवात बरा करते’ असे छापले की तीच कॅप्सूल कायद्याने बिनपरवान्याचे नवे औषध होते. युरोपात आरोग्यविषयक दावे २००६ च्या नियमावलीखाली आधी मंजूर असावे लागतात. पारंपरिक वनौषधी म्हणून नोंद करायची तर किमान तीस वर्षांचा वापर दाखवावा लागतो आणि त्यातली पंधरा वर्षे युरोपीय संघातली असावी लागतात. ग्रंथांतला हजारो वर्षांचा उल्लेख त्या पंधरा वर्षांची जागा भरून काढत नाही. आयुर्वेदिक उत्पादकांना हे पटवून देणे हेच कित्येकदा वकिलाचे पहिले आणि नावडते काम असते.

एकच माल एका देशात कायदेशीर आणि दुसऱ्यात बेकायदेशीर असतो, याचे मसाल्याइतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही. जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा एथिलीन ऑक्साइड वायू अमेरिकेत मसाल्यांसाठी चालतो. वाळलेल्या मसाल्यात त्याच्या अंशाला दहा लाखांत ७ भाग इतकी मर्यादा आहे. युरोपीय संघाने अन्नावरचा त्याचा वापर बंद केलेला आहे आणि मसाल्यांसाठीची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे. शिवाय युरोप त्या वायूपासून तयार होणारे २-क्लोरोएथेनॉलही त्याच आकड्यात धरतो, अमेरिका ते वेगळे मोजते. म्हणजे दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवले तरी आकड्यांची तुलना सरळ होत नाही. २०२० मध्ये युरोपात भारतीय तिळावर आणि एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापुरात भारतीय मसाला मिश्रणांवर जी कारवाई झाली, तिच्या मुळाशी हेच होते. परदेशी ग्राहकाशी करार लिहिताना ‘माल सर्व लागू कायद्यांनुसार असेल’ एवढे मोघम वाक्य टाकणारा वकील निर्यातदाराला खड्ड्यात घालतो. कोणत्या देशाची मर्यादा, कोणती चाचणी पद्धत, नमुना कुठे काढायचा आणि नाकारलेला माल परत आणण्याचा खर्च कोणाचा, हे सगळे करारात यावे लागते.

कार्यालये ओळखणे

अर्धे कौशल्य योग्य दार ठोठावण्यात आहे. महाराष्ट्रात ‘एफडीए’ म्हटले की राज्याचे अन्न व औषध प्रशासन डोळ्यांपुढे येते, औषध कंपनीत तीच अक्षरे अमेरिकेच्या खात्यासाठी वापरतात. त्या अमेरिकी खात्याकडे औषधे आणि बहुतांश खाद्यपदार्थ आहेत, पण मांस-कोंबडी तिथल्या कृषी खात्याकडे आणि कीटकनाशकांच्या मर्यादा पर्यावरण खात्याकडे. हापूस २००७ मध्ये अमेरिकेला जाऊ लागला तो लासलगावच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन, आणि ती अट अमेरिकी कृषी खात्याची, फळमाशीसारख्या किडींसाठी होती. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर घातलेली आणि २०१५ च्या सुरुवातीला उठवलेली बंदीही किडींचीच. उलट २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे. वरवर दोन्ही ‘फळे परत आली’ अशाच बातम्या. कायद्याच्या दृष्टीने एक वनस्पती-आरोग्याचा विषय, दुसरा अन्नसुरक्षेचा, आणि दोन्हींचे अर्ज वेगळ्या टेबलांवर जातात. युरोपात औषधांचे शास्त्रीय मूल्यमापन ॲमस्टरडॅमच्या संस्थेत होते, अन्नाचे इटलीतल्या पार्मा शहरात, आणि औषधी द्रव्याच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गहून येते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचा अर्ज वेगळा करावा लागतो.

या सगळ्यांच्या वर जागतिक व्यापार संघटनेचे करार आहेत. आरोग्याच्या नावाखाली व्यापार अडवायचा तर त्यामागे शास्त्रीय जोखीम-मूल्यमापन असावे, हे १९९५ पासून लागू असलेल्या एसपीएस कराराचे सार. अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या कोडेक्स आयोगाची मानके त्यासाठी मापदंड मानली जातात. मसाल्यांवरच्या कोडेक्स समितीचे यजमानपद भारताकडे आहे. भारत यात नेहमी तक्रारदारच असतो असे नाही. बर्ड फ्लूच्या कारणावरून अमेरिकी कोंबडी उत्पादनांवर घातलेल्या बंदीचे प्रकरण २०१५ मध्ये भारत हरला, कारण संपूर्ण देशावर सरसकट बंदी घालण्याइतका शास्त्रीय आधार दाखवता आला नाही. या संघटनेपुढे बाजू मांडायला कोणत्याही देशाची सनद लागत नाही, म्हणून तरुण भारतीय वकिलांना जिनिव्हाची वाट वाटते तितकी बंद नाही. जागा मात्र मोजक्याच असतात. सदस्य देश नव्या नियमांचे मसुदे तिथे कळवतात आणि त्यांवर मते मांडायला साधारण साठ दिवस मिळतात. हे मसुदे दर आठवड्याला वाचून निर्यातदार संघटनेला दोन पानांत मराठीत सांगणारा वकील नाशिक-सांगलीकडे शोधून सापडत नाही. हे काम आज रिकामे पडून आहे.

तपासणी आणि उत्तर

औषधांच्या बाजूला वकिलाची खरी कसोटी लागते ती परदेशी तपासणीनंतर. अमेरिकी निरीक्षक कारखान्यात काही दिवस काढतो आणि जाताना त्रुटींची यादी देतो, तिला फॉर्म ४८३ म्हणतात. उत्तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत गेले तर पुढची पायरी, म्हणजे वॉर्निंग लेटर, ठरवण्याआधी ते विचारात घेतले जाते. त्यापुढची पायरी इम्पोर्ट अलर्ट. तो लागला की त्या कारखान्याचा माल बंदरावर प्रत्यक्ष न तपासताच अडवता येतो. भारतीय फौजदारी कायद्यात मुरलेल्या वकिलाला इथे धक्का बसतो, कारण आयात रोखायला माल सदोष असल्याचा पुरावा लागत नाही. तो तसा ‘दिसतो’ एवढे कायद्याला पुरते. तपासणीत टाळाटाळ केली, कागद उशिरा दिले किंवा एखाद्या खोलीत जाऊ दिले नाही, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार तेवढ्यावरूनच त्या कारखान्यातले औषध भेसळयुक्त मानले जाते.

उत्तर लिहिण्याची पद्धत ही भारतीय वकिलाला मुद्दाम नव्याने शिकावी लागते. दिवाणी कैफियतीत ‘सदर मजकूर खोटा, लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ असे परिच्छेदागणिक लिहिण्याची सवय मुरलेली असते. फॉर्म ४८३ च्या उत्तरात हा सूर गेला की प्रकरण बिघडते. तिथे त्रुटी नेमकी कुठे झाली, मूळ कारण काय, त्या काळात बाजारात गेलेल्या बॅचेसचे काय, दुरुस्ती कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पुराव्यासह सांगावे लागते. पाळता येणार नाही अशी तारीख लिहिण्यापेक्षा लांबची तारीख लिहिलेली बरी, कारण पुढचा निरीक्षक तेच पत्र हातात घेऊन येतो. आणि ‘कामगारांना पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले’ हे सर्व दुखण्यांवरचे एकच औषध त्या खात्यात कोणाला पटत नाही.

हे उत्तर एकट्या निरीक्षकासाठी नसते. वॉर्निंग लेटर प्रसिद्ध होते, फॉर्म ४८३ माहिती कायद्याखाली मिळू शकतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर महत्त्वाच्या घटना सेबीच्या नियमांनुसार बाजाराला कळवाव्या लागतात. तिथे ‘किरकोळ निरीक्षणे’ आणि अमेरिकेला लिहिलेल्या पत्रात ‘गंभीर त्रुटी’ असे दोन सूर निघाले की दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध साक्षीला उभे राहतात. तपासणीच्या वेळी वकिलाने निरीक्षकासमोर जाऊन बसू नये. मागच्या खोलीत बसून कोणता कागद गेला, काय विचारले, काय सांगितले याची नोंद ठेवावी. कंपनीतल्या पगारी वकिलाशी झालेला पत्रव्यवहार सगळीकडे गोपनीय राहील असेही धरून चालू नये. युरोपीय न्यायालयाने २०१० च्या अक्झो नोबेल प्रकरणात, स्पर्धा कायद्याच्या चौकशीत, तसे संरक्षण नाकारले आहे.

या कामाची नैतिक सीमा रॅनबॅक्सी या औषध कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. मे २०१३ मध्ये त्या कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचे मान्य केले. आरोपांत अमेरिकी खात्याला दिलेली खोटी विधाने होती. आतली माहिती बाहेर आणणारे दिनेश ठाकूर यांना कायद्यानुसार सुमारे ४.८६ कोटी डॉलरचा वाटा मिळाला. सरकारी खात्याला जाणूनबुजून खोटे लिहिणे हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा आहे आणि मसुदा लिहून देणारा त्यातून आपोआप सुटत नाही. प्रयोगशाळेतली मूळ नोंद स्वतः पाहिल्याशिवाय वकिलाने तिच्याविषयी एकही वाक्य लिहू नये. व्यवस्थापकाने ईमेलमध्ये पाठवलेला तक्ता म्हणजे मूळ नोंद नव्हे.

पेटंटची बाजू याला लागूनच आहे. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याखाली जेनेरिक कंपनी ‘हे पेटंट अवैध आहे किंवा आम्ही त्याचा भंग करत नाही’ असे प्रमाणपत्र देऊन अर्ज करते. पेटंटधारकाने ४५ दिवसांत दावा लावला तर मंजुरी साधारण तीस महिने थांबते, आणि सर्वांत आधी असा अर्ज करणाऱ्याला १८० दिवस इतर जेनेरिक स्पर्धकांपासून मोकळीक मिळू शकते. मुंबईतल्या मोठ्या औषध कंपन्यांच्या कायदा विभागांत या कामाला कायम माणसे लागतात. पण पेटंट हा स्वतंत्र अभ्यास आहे. दोन्ही दगडांवर सुरुवातीलाच पाय ठेवू नये.

घरच्या कायद्यावर पकड

परदेशी नियमांच्या ओढीने भारतीय कायदा कच्चा ठेवणे ही या क्षेत्रातली सर्रास आढळणारी चूक. मुदती इथेच शिकायला मिळतात. सरकारी विश्लेषकाच्या औषध-अहवालाला आव्हान द्यायचे तर प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तसे कळवावे लागते, नाहीतर अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. अन्नाच्या अहवालावरचे अपील ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जाते. अन्नाच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष, आयुक्तांनी कारणे नोंदवून वाढवली तर तीन वर्षांपर्यंत. नमुन्याचे भाग किती, सील कोणाचे, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त होती का, या तीन प्रश्नांवर कित्येक खटले उभे राहतात किंवा कोसळतात.

मॅगीचे प्रकरण हा याचा उत्तम पाठ आहे. शिसे जास्त आढळले म्हणून केंद्रीय प्राधिकरणाने ५ जून २०१५ रोजी नूडल्सचे प्रकार बाजारातून काढायला लावले. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी तो आदेश रद्द केला. कंपनीला पुरेशी सुनावणी मिळाली नव्हती आणि चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा कायद्याला अपेक्षित मान्यतेच्या नव्हत्या. न्यायालयाने कंपनीला तिथेच मोकळे सोडले नाही. मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा चाचण्या करायला लावल्या आणि त्यांत शिसे मर्यादेत आढळल्यावर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विक्री पुन्हा सुरू झाली. नैसर्गिक न्याय आणि प्रयोगशाळेचे शास्त्र एकाच निकालपत्रात कसे गुंफले जाते हे पाहायला ते पूर्ण वाचावे, त्याचा सारांश पुरत नाही.

शिक्षण, सनद आणि पहिली नोकरी

बी. फार्म., अन्नतंत्रज्ञान किंवा रसायनशास्त्र करून तीन वर्षांचे एलएल.बी. करणारा विद्यार्थी या क्षेत्रात चार पावले पुढे असतो. महाराष्ट्रात फार्मसीची महाविद्यालये इतकी आहेत की असा विद्यार्थी दुर्मीळ नसावा, पण फार्मसीवाला एमबीएकडे वळतो आणि कायद्याचा विचारच करत नाही. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमातून येणाऱ्याने विज्ञानाची भीती सोडून स्थिरता चाचणी, अशुद्धींच्या मर्यादा आणि सूक्ष्मजीव अहवाल वाचण्याइतपत शिकून घ्यावे. वॉशिंग्टनची फूड अँड ड्रग लॉ इन्स्टिट्यूट १९४९ पासून याच विषयावर काम करते. तिचे साहित्य उपयोगी आहे. रेग्युलेटरी अफेअर्समधले आरएसी हे प्रमाणपत्र वकिलांनाही घेता येते, पण थोडा अनुभव आल्यावर घेतले तर त्याला किंमत येते.

सनदेचा हिशेब आधीच नीट करावा. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेत नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा झाल्यावर वकिली करता येते, पण बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली चालू ठेवता येत नाही. कंपनीत रुजू होताना सनद स्थगित करावी लागते, आणि हे न करता एखादे वकीलपत्र दाखल केले तर शिस्तभंगाची कारवाई ओढवते. अमेरिकेत वकील म्हणून सल्ला द्यायचा तर तिथल्या राज्याची बार परीक्षा हवी. भारतीय पदवीधर बहुधा तिथे वर्षभराचे एलएल.एम. करून न्यूयॉर्कची परीक्षा देतात. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटरसाठी नवी पात्रता परीक्षा आहे. मात्र अमेरिकी एफडीएशी पत्रव्यवहार करायला वकीलच असावे लागते असे नाही, त्यामुळे रेग्युलेटरी विभागात शिरून पुढे कायद्याकडे येण्याची वाटही मोकळी आहे. न्यू जर्सीतल्या औषध कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी मंडळींत त्या वाटेने आलेले लोक भेटतात. अमेरिकी सरकारच्या वकिलांच्या जागांना साधारणपणे नागरिकत्वाची अट असते, हे ध्यानात ठेवून खर्चाचा विचार करावा.

एलएल.एम.साठी कर्ज काढण्याआधी दोन-तीन वर्षे इथेच काम केलेले चांगले. पदवीनंतर लगेच परदेशी गेलेल्याला हा विषय पुस्तकातून कळतो, नोकरी देणारा मात्र किती तपासण्यांना बसला होतात एवढेच विचारतो. सुरुवातीसाठी तीन जागा उपयोगाच्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाची प्रकरणे चालवणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे नमुना, पंचनामा आणि मुदत शिकायला मिळते. औषध कंपनीच्या गुणवत्ता किंवा रेग्युलेटरी विभागात कागद कसा जन्मतो ते दिसते. फळे-मसाल्यांच्या निर्यातदाराकडे पगार कमी मिळेल, पण अडकलेला कंटेनर सोडवताना करार, विमा, प्रयोगशाळा आणि परदेशी कायदा एका आठवड्यात अंगावर येतात. यांतली कारखान्यातली जागा मिळत असेल तर तीच आधी घ्यावी, मग ती मुंबईपासून लांब वाळूजला असो की गोव्यात वेर्ण्याला. बॅच रेकॉर्ड कसे भरले जाते हे उत्पादन चालू असताना तिथेच पाहता येते, आणि पुढे वीस वर्षे त्याच रेकॉर्डवर मते द्यायची असतात.